गव्हाच्या पोटातली गुलाबी रेघ

“डब्यात ओली वाळू भरून मग खिळा ठोकायचा, म्हणजे डबा चेपत नाही,” संस्कृतीने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि रविराजने तिसऱ्यांदा रिकाम्याच डब्यावर हातोडी मारली. डबा चेपला.

“हा चंद्र आहे,” तो म्हणाला. “मुद्दाम केलाय.”

“चंद्र असा दिसायला लागला तर लोक घराबाहेर पडायचे नाहीत,” मंजुषा म्हणाली.

सातवीतले हे तिघे बीडमधल्या मंजुषाच्या घराच्या ओट्यावर बसले होते. चोवीस डिसेंबरची दुपार होती. मंजुषाची मम्मी छबुबाई घरी ब्लाउज शिवायची. तिचं लहानपण ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या झोपडीत, कोपीत गेलं होतं. म्हणून दर नाताळला ती लिंबागणेश गावाच्या पुढच्या एका वसतिगृहात भेटी पाठवायची. आईवडील ऊस तोडायला गेलेली वीस मुलं तिथे राहत होती. विकतचं काही आणायचं नाही, हा घरचा नियमच होता. उरलेल्या कापडाच्या नाडीच्या पिशव्या, दूध पावडरच्या डब्यांना भोकं पाडून केलेले कंदील, आणि पातेल्यात वाळू तापवून, वर ताटली झाकून भाजलेल्या नानकटाया.

पिशव्या आणि नानकटायांचा डबा सकाळच्या एसटीने ड्रायव्हरकाकांच्या हाती पुढे गेला होता. मोजून चाळीस नानकटाया, घरात चवीलाही एक ठेवली नव्हती. कंदील उद्या जायचे होते.

डबे संपल्यावर छबुबाईने नानकटायांतून उरलेला गहू घरच्या फराळासाठी निवडायला दिला. मंजुषाने ताटात गहू पसरला आणि थोड्या वेळाने म्हणाली, “यात निवडायला काही नाहीच.”

संस्कृतीने ताट आपल्याकडे ओढलं. खरंच, एक खडा नव्हता. सगळे दाणे एकसारखे टपोरे होते, जणू कुणी एकेक मापून घेतला होता. तिने मूठभर दाणे चाळले.

“किडासुद्धा नाही,” ती म्हणाली.

“मग चांगलंच की,” रविराज म्हणाला.

“नवा गहू मार्चमध्ये येतो. म्हणजे हा नऊ महिन्यांचा जुना आहे. आमच्या कोठीतल्या गव्हाला दिवाळीतच टोके लागले. याला का नाही लागले?”

संस्कृतीने एक दाणा उन्हात धरला. गव्हाच्या पोटावर जी खोल रेघ असते, तिच्या तळाशी काहीतरी होतं. तिने दुसरा दाणा पाहिला, मग तिसरा. प्रत्येक रेघेत गुलाबी रंगाचा एक बारीक धागा बसला होता. बाकी दाणा स्वच्छ होता.

पाण्यात घासून तो निघाला नाही. तेव्हा संस्कृतीने कपाटावरची सॅनिटायझरची जुनी बाटली मागितली. पाण्याने न सुटणारे काही रंग अल्कोहोलने सुटतात, एवढं तिला माहीत होतं. तिने कापसाच्या बोळ्यावर चार थेंब घेतले आणि दहा दाणे चोळले. बोळा गुलाबी झाला. मग तिने रविराजला त्याच्या घरून गहू आणायला पळवलं आणि दुसऱ्या बोळ्याने तोही चोळून पाहिला. तो बोळा नुसता मळका झाला.

दोन्ही बोळे तिने ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले.

छबुबाईला दाखवल्यावर ती मशीनवरून उठली नाही. पोत्याचा रंग लागला असेल, म्हणाली. गहू गहिनीनाथमामांकडून घेतला होता. ते पलीकडच्या गल्लीतले. मोंढ्याच्या धान्यबाजारामागच्या एका बियाणाच्या गोदामावर राखण करायचे. पोरांच्या खाऊसाठी म्हणून त्यांनी अर्ध्या भावात दिला होता. एवढी शंका असेल तर त्यांनाच विचारून या, म्हणाली.

गोदाम दोन गल्ल्या सोडून होतं. मागच्या बाजूला मोठा निळा पिंप होता आणि पिंपापासून नालीपर्यंत जमिनीवर गुलाबी ओघळ वाळून गेला होता. इथे एरवी पारव्यांचा एवढा गलका असायचा की बोलणं ऐकू येत नसे. आज आवाज नव्हता. एक पारवा भिंतीशी पिसं फुलवून बसला होता. रविराज अगदी जवळ गेला, तरी उडाला नाही. त्याच्या पलीकडे दोन पडलेले होते. त्यांच्यावर मुंग्याही नव्हत्या.

“हात लावू नको,” संस्कृती हळूच म्हणाली.

गहिनीनाथमामा जिन्यात रिकाम्या पिशव्यांच्या घडीवर बसले होते. मुलांना पाहून त्यांना आनंद झाला. नानकटाया कशा झाल्या, असं त्यांनीच आधी विचारलं. मंजुषाने गहू कुठला म्हणून विचारलं, तेव्हा ते अभिमानाने वर गच्चीकडे बोट दाखवत म्हणाले, “पेरनी झाली, चार पोती उरली. मालक म्हनला, खड्ड्यात पुरून टाक. आता अन्न पुरायचं कावून, सांग बरं? वर नेला, तीन पान्यानं धुतला, चार दिवस वाळवला. लालेलाल व्हता. आता बघ, कसा मोत्यावानी हाय.”

“मामा, तुम्हीपण खाताय?” संस्कृतीने विचारलं.

“घरात चालूच हाय की. मी दोन टाइम इथं डबा खातो, हाटेलातला. घरची खाती त्याची पोळी.” ते थांबले. “तिला तीन दिस झाले बरं न्हाई. उलट्या व्हतेत. पान्यानं झालं आसंल.”

संस्कृतीने त्यांना जरा उठायला सांगितलं आणि पिशव्यांची घडी उलगडली. पिशवीच्या तोंडाला शिवलेली चिठ्ठी अजून तशीच होती. मजकूर इंग्रजी आणि हिंदीत होता. रविराजने तो मराठीत करून मोठ्याने वाचला. गंमत करायची त्याची सवय त्या क्षणी कुठे गेली, कुणास ठाऊक. “या बियाण्याला विषारी औषध लावलेलं आहे. माणसांनी, जनावरांनी खाऊ नये.”

“धुतलाय की मी,” गहिनीनाथमामा म्हणाले. “तीनदा धुतलाय.”

“वरचं धुतलं गेलं, मामा. रेघेतलं नाही. आणि आत किती मुरलं, ते दिसत नाही,” संस्कृती म्हणाली.

मामांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग पारव्याकडे. मग चप्पल न घालता ते घराकडे पळत सुटले.

छबुबाईने या वेळी सगळं ऐकून घेतलं. कापसाचे बोळे आणि ती चिठ्ठी तिने आपल्या हाताने पिशवीत घातली. वसतिगृहाच्या विठ्ठलराव सरांना फोन लावला. ते म्हणाले, डबा पोचला, पाच वाजता पाहुण्यांच्या हस्ते वाटप आहे, आणि तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवला. पुढच्या तीन वेळा फोन बंद लागला. तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

मग तिने मंजुषाच्या पप्पांना, भागवतला, बोलावलं. त्यांची रिक्षा दहा मिनिटांत दारात आली. गहिनीनाथमामांच्या बायकोला सरकारी दवाखान्यात पोचवायला आणि डॉक्टरांना पिशवी दाखवायला छबुबाई मागे थांबली. “डॉक्टर काय म्हनतेत ते मी फोनवर सांगते. तुमी जावा,” ती म्हणाली. “आन कुनाला एक घास खाऊ देऊ नका.”

निघता निघता रविराजने कंदिलांचं पोतं रिक्षात टाकलं. रिकाम्या हाताने गेलो तर आत कोण सोडणार, असं त्याचं म्हणणं पडलं.

शहर मागे पडलं. रस्ता चढाचा होता आणि रिक्षा जीव तोडून घरघरत होती. दोन्ही बाजूंना तुरीचे काळपट पट्टे, उघडे माळ, आणि सूर्य कपिलधारकडच्या डोंगरांकडे कललेला. पोत्यातले कंदील प्रत्येक खड्ड्यात खणखणत होते. कपिलधारचा फाटा मागे गेला.

“कणीक मी मळली,” मंजुषा म्हणाली. “मम्मीने फक्त भाजल्या.”

तिने दोन्ही तळहात मांडीवर पुसले.

“किती खाल्लं तर काय होतं, संस्कृती?”

संस्कृतीला बहुतेक गोष्टींचे आकडे माहीत असत. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच घाई करायची.”

ते पोचले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. वसतिगृहाच्या अंगणात सतरंजीवर मुलं दोन ओळींत बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर कापडी पिशवी, पुढे वहीच्या कागदावर दोन नानकटाया. इतकी लहान मुलं, पण एकही हलत नव्हतं. पाहुणे आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असं विठ्ठलराव सरांनी बजावलं होतं. पाहुणे म्हणजे तालुक्याचे एक पुढारी. त्यांच्या हस्ते पहिला घास भरवायचा आणि फोटो काढायचा होता.

संस्कृतीने सरांना फाटकातच गाठून एका दमात सगळं सांगितलं. सरांनी तिच्याकडे धड पाहिलंही नाही. त्यांची नजर रस्त्यावर होती. वास्तविक ते वाईट गृहस्थ नव्हते. सकाळपासून त्यांनी अंगण स्वतः झाडलं होतं. पण दरवर्षी असं कुणीतरी काहीतरी उठवतं, पाहुण्यांसमोर तमाशा नको, कार्यक्रम झाल्यावर बोलू, असं ते म्हणाले.

“सर, माझ्याच घरचा खाऊ हाय, आन मीच सांगतोय, नका देऊ,” भागवत म्हणाले.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. सर टोपी सारखी करत तिकडे धावले.

भागवतांनी मुलांकडे एकदा पाहिलं. मग शांतपणे रिक्षा सुरू केली, फाटकात आडवी घातली आणि बंद केली. गाडी येऊन थांबली. सरांनी रिक्षा काढा म्हणून हात हलवले.

“बंद पडली,” भागवत म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकली.

रविराज तोवर पोतं घेऊन अंगणात पोचला होता. त्याने सगळ्यात चेपलेला कंदील डोक्यावर ठेवला आणि ओळींच्या मधून चालायला लागला. दोन-तीन मुलं हसली.

“ऐका रे. नाताळची अदलाबदल हाय. कागद जसाच्या तसा उचलायचा, दोन्ही नानकटाया या ताईच्या डब्यात टाकायच्या, आन कंदील घ्यायचा. ज्यानं बोट चाटलं त्याला हा चंद्र मिळंल.”

तो चेपका कंदील कुणालाच नको होता. मुलं उठून रांगेत आली. मंजुषा डबा धरून उभी राहिली, रविराज कंदील देत गेला आणि संस्कृती मोजत गेली. फाटकावर आवाज चढले होते. गाडीचा हॉर्न पुन्हा वाजला. सत्तावीस. तेहतीस. सदतीस. शेवटची मुलगी पुढे आली, कंदील घेऊन जागेवर जाऊन बसली, आणि रांग संपली.

“एकोणचाळीस,” संस्कृती म्हणाली.

तिने डबा सतरंजीवर रिकामा करून पुन्हा मोजलं. एकोणचाळीसच होत्या. आता सूर्य दिसत नव्हता. वीस चेहरे तिच्याकडे पाहत होते, आणि त्यांतल्या एकाच्या पोटात विष गेलं असेल किंवा नसेल. चेहऱ्यावरून ते कळत नव्हतं.

मंजुषा खाली गुडघ्यावर बसली. “खोटं बोलणं बास झालं,” ती रविराजला म्हणाली. मग मुलांकडे वळली. “मी मंजुषा. या नानकटायांची कणीक मी मळली. गव्हाला औषध होतं, मला माहीत नव्हतं. कुणी खाल्ली असेल तर मी रागावणार नाही, सरही रागावणार नाहीत. आपण फक्त दवाखान्यात जायचं. पण सांगा.”

मग पहिल्या ओळीतली सहा वर्षांची मुलगी मांडीवरची कापडी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून म्हणाली, “माझ्या आईसाठी हाय ती.”

तिचं नाव रोहिणी होतं. तिची आई कर्नाटकातल्या एका कारखान्याच्या फडावर होती आणि उन्हाळ्याशिवाय परत यायची नव्हती. मंजुषाने पिशवी हिसकावली नाही. हात पुढे करून ती तशीच बसून राहिली. रोहिणीने नाडी सोडली, नानकटाई बाहेर काढली, तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि मंजुषाच्या तळहातावर ठेवली. ती पूर्ण होती. एक कोपराही उडाला नव्हता.

“चाळीस,” संस्कृती म्हणाली, आणि तिने सगळ्या पुन्हा डब्यात भरल्या.

त्याच वेळी भागवतांचा फोन वाजला. त्यांनी तो विठ्ठलराव सरांच्या हातात दिला. पलीकडे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर होते. सर फक्त हो, हो म्हणत राहिले. गहिनीनाथमामांच्या बायकोला सलाईन लावलं होतं, वेळेवर आणलं म्हणून धोका टळला होता. गच्चीवरची पोती जप्त करायला कृषी खात्याची माणसं निघाली होती. मुलांपैकी कुणी खाल्लं असेल तर ताबडतोब आणा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. आणि तो दाणा ओळखला कुणी, असंही विचारलं.

सर फोन घेऊन अंगणात आले. त्यांच्या मागे पाहुणे चालतच आले, फोटोग्राफरला बाहेर ठेवून. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि घाम पुसला. पहिला घास ते स्वतः भरवणार होते. शाबास म्हणायला त्यांनी हात उचलला, पण विठ्ठलराव सर आधी बोलले.

“या तिघांनी माझ्या वीस लेकरांना वाचवलं,” ते म्हणाले. “आन मी त्यांना फाटकात अडवलं. फोन आला तो मधीच ठेवला, आन मग फोनच बंद करून टाकला. हे सगळ्यांसमोर सांगायला पायजे.”

नानकटाया खोल खड्ड्यात पुरल्या. संस्कृतीने त्यावर स्वतः दगड रचले. वसतिगृहाच्या कोठीत ज्वारी होती, गूळ होता. कढई तापली, लाह्या फुटायला लागल्या. सर बाह्या सरसावून पाक ढवळायला बसले आणि पाहुण्यांनी चार लाडू वळले, वाकडे. बाहेर वीस कंदील पेटले होते.

लाडू वाटताना विठ्ठलराव सरांनी आपला बंद ठेवलेला फोन सुरू केला, एक नंबर लावला आणि रोहिणीच्या कानाशी धरला. मंजुषा शेजारीच उभी होती.

“आई, मला नानकटाई आलती,” रोहिणी मोठ्याने सांगत होती, कारण तिकडे वारं फार होतं. “एक तुला ठिवलती. पन ती वाईट व्हती, मग दिऊन टाकली.” तिकडून काहीतरी घाबरून विचारलं गेलं. “न्हाई गं,” ती म्हणाली. “म्या न्हाई खाल्ली. कुनीच न्हाई खाल्ली.”

मंजुषा तिथेच पायरीवर बसली आणि दुपारपासून पहिल्यांदा रडली.