शेवंता वसावेची प्रतिसेविका

आरोग्यसेवक परवाना मंडळाच्या पुण्यातल्या इमारतीत सुनावणीची खोलीच नाही, हे शेवंता वसावेला तिसऱ्या दिवशी कळलं. दोन दिवस ती तळमजल्यावरच्या पडद्यासमोर बसून होती. ‘आपला परवाना एकोणीस दिवसांपूर्वी स्थगित झाला आहे. कारण : अपेक्षित दर्जापेक्षा कमी कामगिरी.’ कोणाला भेटता येईल, असं तिने अकरा वेळा विचारलं. भेटीची आवश्यकता नाही, असं पडद्याने अकरा वेळा अदबीने सांगितलं.

शेवंता प्रसाविका होती. नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर, नंदुरबारच्या डोंगरातल्या पाड्यांसाठी फिरणाऱ्या तरत्या दवाखान्यात तिची बावीस वर्षं गेली होती. शस्त्रक्रियेची सोय तिथून सहा तासांवर. त्यामुळे पायाळू बाळ, जे शहरात पोट उघडूनच काढतात, ते तिथे शेवंताच्या हातांवरच जगात यायचं. गेल्या तिमाहीत अशा नऊ बाळंतपणांत दोन बाळं दगावली. एक बाई नौकेवर पोचली तेव्हाच उशीर झाला होता. दुसऱ्या वेळी मात्र शेवंताचं मनगट दुखावलेलं होतं आणि ती कमी पडली. हे तिने नोंदवहीत स्वतःच लिहिलं होतं. चौकशीला तिची ना नव्हती. पण चौकशी करायची तर कोणीतरी समोर बसून विचारायला हवं ना?

चौथ्या दिवशी दुपारी साठीचे एक गृहस्थ जिना उतरून थेट तिच्यापाशी आले.

“सिस्टर, मी यशोधन मिराशी. परवाने तपासणारं हे यंत्र ज्यांनी बांधलं, त्यांच्यापैकी एक. तुम्ही चार दिवस इथे बसलायत असं कळलं.”

“मग तुम्ही तरी विचारा मला काय झालं ते.”

“विचारून उपयोग नाही,” मिराशी म्हणाले. “पण यंत्राने काय केलं ते दाखवू शकतो. या.”

वरच्या प्रयोगशाळेत त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. ते पूर्वी शल्यचिकित्सक होते. यंत्राआधीच्या जुन्या वैद्यक परिषदेच्या काळात त्यांनी एका दारुड्या सहकाऱ्याची तक्रार केली होती. तिचा निकाल लागायला नऊ वर्षं लागली आणि तोवर तो माणूस शस्त्रक्रिया करतच राहिला. त्याचे मेहुणे परिषदेवर होते.

“म्हणून आम्ही माणूसच काढून टाकला,” ते म्हणाले. “आता प्रत्येक पेशंटमागे यंत्र एकच प्रश्न विचारतं. हाच पेशंट, हीच जागा, हीच साधनं, पण तुमच्या जागी तुमच्यासारखीच दुसरी प्रसाविका असती तर काय झालं असतं? ही काल्पनिक बाई म्हणजे तुमची प्रतिसेविका. तशाच परिस्थितीत काम करणाऱ्या सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून ती घडवलेली असते. तिच्यापेक्षा तुम्ही फार खाली गेलात, की परवाना आपोआप थांबतो. वशिला नाही, आकस नाही.”

“ऐकायला बरोबर वाटतं,” शेवंता म्हणाली. “माझी ती कोणाकोणाची मिळून बनलीय?”

मिराशींनी तिचं पान उघडलं. शस्त्रक्रियेची सोय नसताना पायाळू बाळंतपण करणाऱ्या प्रसाविका. त्यांनी आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

“एक,” ते म्हणाले.

“कोण?”

“तुम्हीच. राज्यात हे काम दुसरं कोणी करत नाही. तुमची प्रतिसेविका तुमच्याच बावीस वर्षांच्या नोंदींतून तयार झालीय.”

शेवंताने कप खाली ठेवला. “म्हणजे मी पहिल्यापासून वाईट काम केलं असतं, तर आज नौकेवर असते.”

मिराशींनी ते पान बंद केलं.

“करा ना मग दुरुस्त. तुम्हीच बांधलंय ते.”

“कोणत्याही माणसाने निकालात हात घालायचा नाही, हे कलम कायद्यात आहे. ते मीच हट्टाने घालून घेतलं. बदलायला दोन वर्षं लागतील, तीही मंडळाने ऐकलं तर.” मग काहीतरी सुचून ते पुढे झुकले. “पण थांबा. प्रतिसेविका दर महिन्याच्या एक तारखेला नव्याने घडते आणि ताज्या नोंदींना जास्त वजन असतं. तुमच्या जागी कोणी आलंय?”

“जयवंती पाडवी. पोर सरावाच्या बाहुलीवर शिकलीय सगळं. तिचाही परवाना असाच काढून घेणार?”

“नव्यांना पहिलं वर्ष सूट असते. पण तिच्या नोंदी आता या एकात मिसळतील. मग दर्जा हळूहळू खाली येईल आणि तुमची कामगिरी त्याच्या वर गेली, की परवाना आपो…”

ते मध्येच थांबले. दर्जा खाली येईल म्हणजे नौकेवर आणखी बाळं दगावतील, हे शेवंताला त्यांच्यापेक्षा चांगलं दिसत होतं.

ती दुसऱ्या दिवशी धडगावला घरी परतली आणि जयवंतीला फोन केला. स्थगित सेवकाने सल्ला देणं हा गुन्हा आहे, हे पहिल्यांदा जयवंतीनेच घाबरत सांगितलं.

“गुन्हा माझा ना? मग ऐक. कळा सुरू झाल्या की फोन लावायचा आणि कानाशी कोणालातरी धरायला सांगायचं.”

पहिल्या पायाळू बाळाच्या वेळी जयवंतीचा श्वास फोनवर ऐकू येत होता. “सिस्टर, पाय आले. ओढू?”

“हात मागे घे. ओढायचं नाही. बाळाची पाठ वर राहू दे. मानेवरचे केस दिसेपर्यंत वाट बघ. ते दिसले की सांग.”

किती वेळ गेला कोण जाणे. “दिसले,” जयवंती म्हणाली, आणि थोड्या वेळाने बाळाचं रडणं आलं.

एक तारखेला शेवंताच्या मोबाइलवर संदेश आला : परवाना स्थगित. तिला बरं वाटलं. पुढच्या महिन्यातही तेच. एरवी ती चडफडत असे. मिराशींना पत्रं लिही, आमदारांच्या ऑफिसात जा, तिथल्या माणसाकडून ‘यंत्रात आम्ही काय करणार, ताई’ हे ऐकून परत ये. घरी बसून मनगट पार बरं झालं होतं आणि त्याला काम नव्हतं. पण एक तारखेला ते दोन शब्द वाचले, की पलीकडे सगळं ठीक चाललंय हे कळायचं. जयवंती शिकत होती. जयवंती जितकं चांगलं शिकेल, तितका शेवंताचा परवाना दूर जाईल. हे दोघींनाही माहीत होतं. त्यावर त्या कधी बोलल्या नाहीत.

चौथ्या महिन्याच्या मध्यावर जयवंतीचा फोन लागेनासा झाला. नौका तर वरच्या पाड्यांकडे गेलेली. शेवंता रोज लावत राहिली.

पाचव्या महिन्याच्या एक तारखेला सकाळी संदेश आला. ‘आपली कामगिरी आता अपेक्षित दर्जाच्या वर आहे. परवाना पूर्ववत.’

तिने पुढचं वाचलंच नाही. उभ्याउभ्याच जयवंतीला फोन लावला. या वेळी तो लागला.

“टॉवर पंधरा दिवस बंद होता, सिस्टर,” जयवंती म्हणाली. “काल संध्याकाळी सुरू झाला. मला लावायची हिंमत झाली नाही.”

“किती गेली?”

“तीन.”

“आत्ता कोणी आहे का नौकेवर?”

“एक आहे. पायाळूच आहे. दोन-तीन दिवसांत होईल.”

“नौका खाली घेऊन ये. मी धक्क्यावर येते. आणि जयवंती, तू निघून जायचं नाहीस. माझ्या शेजारी उभं राहायचं.”

फोन ठेवून तिने पिशवी भरली, आणि पायात चपला सरकवताना राहिलेला संदेश वाचला. ‘स्थगितीच्या काळात आपण आपल्या कामात केलेल्या सुधारणेबद्दल मंडळ आपले अभिनंदन करते.’

त्या सगळ्या काळात शेवंताने एकाही बाळंतिणीला हात लावला नव्हता.