रणगाड्याचा नंबर

जना सायकलच्या मडगार्डवर सोनेरी रेघ ओढत होती, श्वास रोखून. अशी रेघ ओढताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही, हा दुकानाचा कायदाच होता. तिचे वडील सोमा कर्जत स्टेशनाबाहेर सायकली दुरुस्त करायचे, रंगवायचे. त्या वेळी तेसुद्धा खोकला गिळून बसत. आणि नेमकी तेव्हाच तिच्या नाकासमोर एक जीप येऊन उभी राहिली!

खरीखुरी नव्हे हो. तळहातावर मावेल एवढी. मिलिटरी हिरव्या रंगाची, मागे सुटं चाक टांगलेली, पुढे काडीएवढं स्टिअरिंग. तळहात मात्र चांगला रुंद होता... आणि त्याच्यामागे दोन डोळे होते, जरा घाबरलेले.

"हिच्यावर नंबर काढून मिळंल का?"

रेघ वाकडी झाली.

"मिळेल की," जना म्हणाली. "आधी माझी रेघ सरळ करून द्या."

"तुमची रेघ मी कशी सरळ करनार?"

"मग तुमचा नंबर मी कशाला काढणार?"

सोमा पान्याआड तोंड लपवून हसले. मुलगा हसला नाही. जीप खाली ठेवायलाही त्याचा हात तयार नव्हता. अंडं धरावं तशी धरली होती त्याने.

त्याचं नाव कमळाकर, पण त्याच्या गावात, कळंबात, सगळे त्याला कमळ्याच म्हणत. वय एकोणीस. पांगाऱ्याचं लाकूड कोरून तो गाड्या करायचा. पुण्याला एका लष्करी शाळेत म्हणे वाळूचं मैदान मांडतात, त्यावर छोट्या गाड्या पुढेमागे सरकवून साहेब लोकांना लढाई शिकवतात. त्या गाड्या घडवायला तिथे माणूस हवा होता. खोपोलीला राहणारा त्याचा मामा, रिटायर हवालदार धर्माजी, त्याने ही बातमी आणली होती. तेरा दिवसांनी सोमवारी कमळ्याने तीन गाड्या घेऊन जायचं होतं. जीप, ट्रक आणि रणगाडा. प्रत्येकीवर शाळेच्या कागदात दिलाय तसाच मिलिटरीचा बाण, त्याच्यापुढे तसाच नंबर.

"नंबर चुकला की गाडी बाद," कमळ्या म्हणाला. "गाडी बाद की मी बाद. मग मामा मला गिरणीत पोती उचलायला लावनार. त्यानं सांगूनच ठेवलंय."

जनाने त्याच्या बोटांकडे पाहिलं. लांब, शांत बोटं. ती पोत्याखाली... छे! तिला ते चित्र बघवेना.

"ठेवा जीप," ती म्हणाली. "आणि मला अहोजाहो नको. अकरावीत आहे मी, म्हातारी नाही झाले."

*

पहिले दोन दिवस सपशेल फजिती. आकडा तिळाएवढा, आणि पांगाऱ्याचं लाकूड असं पितं की रंग टेकवला की पसरतोच! तीनचा आठ व्हायचा, आठचा मुंगळा. पुसावं तर हिरवा रंगही निघे.

तिसऱ्या दिवशी कमळ्या धावतच आला. एका साहेबाच्या पोराकडे त्याने कधीतरी विलायती खेळण्यातला रणगाडा पाहिला होता. त्याचे नंबर कागदावर येतात. कागद पाण्यात बुडवला की आकडे सुटतात आणि गाडीवर सरकवता येतात.

"अय्या, म्हणजे आमची छाप!" जना ओरडली.

सायकलच्या दांडीवर कंपनीचं नाव असतं ना, ते कुणी रंगवत नाही. छापच बसवतात. दांडीला व्हार्निश लावायचं, छाप त्यावर पालथी दाबायची, मग वरून कागद भिजवून अलगद सोलायचा. नाव दांडीवर राहतं. जनाने अशा शेकडो छापा बसवल्या होत्या. तिला काय कुणी शिकवायचं!

शुक्रवारच्या बाजारात डोंगरातल्या वाडीवरची आवडी नावाची बाई डिंक घेऊन बसे. तिने जनाला एक पिवळसर खडा उजेडात धरून दाखवला. "धावड्याचा घे गं बाय. बाभळीचा काळा पडतो."

तो डिंक भिजवून गाळला, चांगल्या कागदावर दोन हात दिले, वाळल्यावर वरून पातळ व्हार्निश. कागद तयार! ब्रशचे केस कापत कापत जनाने पाचच ठेवले. रोज शाळा सुटली की ती मागच्या खोलीत बसे, आणि रोज कमळ्याच्या सायकलला पंक्चर होई.

"पोरा, तुजी ट्यूब हाय का चाळन?" सोमांनी एकदा विचारलं.

"रस्ताच तसा हाय, काका."

"आं? रस्त्यावर फक्त तुज्यासाठीच खिळं टाकलेत का रं?"

कमळ्याचे कान लाल झाले. त्याने पिशवीतून वालाच्या शेंगा काढल्या आणि निमूट जनासमोर ठेवल्या. ती वर न बघता म्हणाली, "श्वास जरा तिकडे सोड. आकडा हलतोय."

"मी तर लांब हाय."

"तरी हलतोय..."

मग बाहेर मालगाडी गेली. दोघांनीही तिचे डबे शेवटपर्यंत मोजले.

"पुण्याला गेलास की कर्जत आठवेल तुला?" जनाने शेवटी विचारलं.

"पास तर होऊ दे."

"नापास झालास तर बरंच आहे की," ती हसत म्हणाली. "पंक्चर काढायला येशील."

चेष्टाच होती ती. पण म्हणून झाल्यावर तिला आपलंच हसू जरा खोटं वाटलं.

*

शनिवारी दुपारी कागद पूर्ण वाळला. तीन गाड्यांचे तीन नंबर, आणि जीपचा एक जादा. कमळ्याने कागद हातात घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"हे उलटं दिसतंय."

"उलटंच दिसणार! छाप नेहमी उलटीच असते रे. बसली की सुलटी होते. सायकलवाल्याची मुलगी आहे मी."

त्याने विश्वास ठेवला. अहो, तिच्यावर न ठेवून कुणावर ठेवणार!

जीपचा नंबर कापून तिने वाटीतल्या पाण्यात सोडला. एक... दोन... तीन... कागद आधी गुंडाळला, मग सरळ झाला. जनाने बोट लावलं. आकडा हलला! कमळ्याचा श्वास तिच्या कानाशी अडकला. कागद जीपच्या दाराशी नेऊन तिने व्हार्निशचा तो पापुद्रा अलगद सरकवला. बसला. एकही सुरकुती नाही!

आणि नंबर उलटा होता.

बाण मागे, आकडे आरशातल्यासारखे. जना बघतच राहिली. मग तिच्या लक्षात आलं. सायकलची छाप पालथी पडते, म्हणून ती उलटी काढतात. ही तर सरकून उताणीच बसणार होती. ही सुलटीच काढायला हवी होती!

"जना." कमळ्याचा आवाज अगदी हळू होता. "तू मुद्दाम केलंस?"

"काय?"

"नापास झालास तर बरं, असं तूच म्हनालीस."

"कमळ्या, शपथ—"

"मी इचारलं होतं. उलटं दिसतंय म्हनून इचारलं होतं मी!"

तीनही गाड्या पिशवीत घालून तो निघून गेला. सायकलसुद्धा विसरला. जना वाटीतल्या पाण्याकडे बघत बसली. नवे नंबर काढायला दोन दिवस, ते वाळायला आणखी. मधे उरला होता एक रविवार.

सोमा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी उरलेला कागद उचलला, डोळ्यांजवळ नेला.

"उलटं काढलंस व्हय?"

"हो," ती मुसमुसली.

"मंग उलटंच चिकटव की! रडतीस कशाला? सायकलीला लावतो तसं व्हार्निश लाव गाडीला अन् दे पालथं दाबून. आपलं काम काय हाय, इसरलीस?"

जनाने डोळे पुसलेसुद्धा नाहीत. तशीच धावली, थेट एसटी स्टँडवर. कमळ्या कळंबच्या गाडीत खिडकीशी बसला होता, पिशवी पोटाशी धरून.

"उतर!"

"नाय."

"अरे, नंबर बसतात! पालथे लावायचे!"

"मला येडा समजतीस का तू?"

"समजते! स्वतःची सायकल सोडून एसटीत बसलेल्या माणसाला दुसरं काय समजू?"

अख्खी एसटी हसली. कमळ्या उतरला, पण जनाकडे बघितलं नाही त्याने.

*

रविवारी दुकान बंद, मागची खोली उघडी. जीपवरचा उलटा नंबर पुसून जादाचा तिथे पालथा बसवला. सुलटा आला! ट्रकचाही आला. दोघं कामापुरतंच बोलत होती, 'धर' आणि 'सोड' आणि 'हं.' रणगाड्याची पाळी आली तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. त्याचा तोफेचा बुरूज गोल. वर खिळ्यांची टोकं. पालथा कागद कुठे टेकतोय ते दिसेचना. जनाने दाबला, सोलला... आणि शेवटचे दोन आकडे कागदाबरोबर फाटून आले.

कमळ्याने फाटका कागद उचलून उजेडात धरला. ते तिला सोसवलं नाही.

"उद्या तुझी गाडी कितीला?"

"नऊला पॅसेंजर."

"मी सुलटा काढते. एकच आहे. पातळ व्हार्निश, चुलीजवळ वाळवते. स्टेशनवर आणते."

"वाळला नाय तर?"

"तर... तर पोती मी उचलीन तुझ्याबरोबर. जा आता."

*

सोमवारी पुणे पॅसेंजर कर्जतला लागली, तेव्हा जना फलाटावरून एका हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन पळत होती. शाळेचा गणवेश, एक वेणी सुटलेली. डब्यात शिरून ती कमळ्यासमोर धपकन बसली.

"वाळला?" त्याने विचारलं.

"वरून तरी वाळलाय. काढ रणगाडा."

शेजारी लोणावळ्याला लेकीकडे निघालेली मालनबाई नावाची म्हातारी होती. तिने पाय वर घेतले. "अगं ए पोरी, गाडी सुटंल की!"

"नाही सुटत मावशी. घाटासाठी मागून इंजिनं लावतात ना, तोवर थांबते. हे झाकण धरता जरा?"

जनाने डब्याच्या झाकणात तांब्यातलं पाणी ओतलं, मालनबाईने ते देवासारखं दोन्ही हातांत धरलं. कागद पाण्यात पडला. समोरच्या बाकावरचे दोघे पुढे वाकले. वडेवाला खिडकीत ओरडायला आला आणि आतला प्रकार बघून गप्प झाला.

जनाने बोट लावलं. हलेना.

"सुटत नाही..." तिने कागदाची कड चाचपली. "डिंक जाड झाला की काय!"

"थांब," कमळ्या म्हणाला. "घाई नको. मी हाय."

दोन दिवसांत पहिल्यांदा तो कामाबाहेरचं बोलला होता. तिने श्वास घेतला. पुन्हा बोट लावलं. पापुद्रा कडेने सुटला... अर्धा कागदावर, अर्धा बुरुजावर. आणि त्याच वेळी जनाच्या तळपायांना बारीकशी थरथर कळली. मागची इंजिनं जवळ येत होती. कर्जतची पोर ती! पुढे काय होतं ते तिला पाठ होतं.

"सगळे धरून बसा!" तिने बोट उचललं, दुसऱ्या हाताने कमळ्याचं मनगट घट्ट पकडलं. त्याच्या तळहातावर रणगाडा, रणगाड्यावर अर्धा लोंबता नंबर.

धाडकन धक्का बसला. झाकणातलं पाणी मालनबाईच्या लुगड्यावर सांडलं, वरची वळकटी कुणाच्या तरी डोक्यात पडली. मनगट हललं नाही.

जनाने हळूच बोट टेकवलं आणि सरकवलं. बाण, दोन आकडे, अक्षर, उरलेले आकडे... खिळ्यांच्या मधोमध, सुलटे, पांढरेशुभ्र.

"बसला!" मालनबाई ओरडली. काय बसलं ते तिला कुठे माहीत होतं!

कमळ्या नंबर बघत होता. मग त्याने जनाकडे बघितलं. मनगट अजून तिच्या मुठीतच होतं, आणि दोघांनाही ते लक्षात आलं होतं.

"जना, मी तुला 'मुद्दाम' म्हनालो..."

"मुद्दाम नाही केलं." ती भराभर बोलू लागली, कारण हळू बोलली असती तर बोलताच आलं नसतं. "पण तो उलटा निघाला ना, तेव्हा पहिल्यांदा, रडू यायच्या आधी... मला आनंद झाला. क्षणभरच. की आता तू जाणार नाहीस. म्हणून मी एवढी रडले. कळलं? आता चिड पाहिजे तर."

कमळ्याने मान खाली घातली. कान पुन्हा लाल.

"मला बी झालता."

"काय?"

"आनंद. म्हनून तर तुज्यावर एवढा चिडलो."

भोंगा वाजला. मालनबाईने जनाला दाराकडे ढकललंच. "उतर गं बये, का येतीस लोनावळ्याला?"

जना फलाटावर उडी मारून उतरली. गाडी हलली. कमळ्या खिडकीतून अर्धा बाहेर आला होता, रणगाडा छातीशी धरून.

"परीक्षा कधी हाय तुजी?"

"मार्चात!"

"मंग एप्रिलात मामाला घेऊन येतो! पुण्याला लागलो तर बी, पोती उचलत असलो तर बी!"

"कशाला?"

"पंक्चर काढायला नाय!"

वडेवाला हसला, फलाटावरचे हमाल हसले. जनाने तोंडावर हात घेतला, पण हसू बोटांमधून सांडलंच.

एकेक डबा तिच्यासमोरून घाटाकडे निघून गेला. सगळ्यात शेवटी, अख्ख्या गाडीला रेटा देत, मागची इंजिनं आली. ड्रायव्हर दारात कोपर टेकून उभा होता. जनाने पाण्याने ओले झालेले दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याला ओरडून सांगितलं,

"नीट ढकला हो मामा! पार वरपर्यंत ढकला!"