सात टाके

झाड वाळलं की ते पुठ्ठ्यावर शिवायचं असतं. डिंकानं चिकटवलं तर पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून सुईदोरा. कॉलेजातल्या पोरांना ते जमेना. त्यांचे टाके म्हणजे पोतं शिवल्यासारखे. म्हणून तिथं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या हुदलीकर सरांनी मला बोलावलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, चाळिशीला टेकलेली बाई. गोधडी बरी शिवते आणि रांगोळी बरी काढते, एवढीच माझी मंगळवार पेठेत कीर्ती. एकदा शिवता शिवता मी समोरच्या झाडाचं चित्र काढलं. सरांनी ते पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. त्या दिवसापासून पुठ्ठेही माझे आणि चित्रंही माझी.

घरी आम्ही दोघंच. आमचे हे छापखान्यात मराठी-इंग्रजी अक्षरांचे खिळे जुळवायचे. वीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून कान पार गेलेले. मागं परात पडली तरी मान वळायची नाही. नवऱ्याचं नाव मी कधी घेतलेलं नाही, आणि घेऊन उपयोगही नव्हता. हाक मारायची ती खांद्याला हात लावून.

कॉलेजात मात्र नावांशिवाय दुसरं काम नव्हतं. झाडाच्या लॅटिन नावात आडनाव आधी आणि नाव मागून, हे मी पहिल्या आठवड्यात शिकले. सर शिकवायचे मोकळ्या हातानं.

"नाव नुसतं ठेवून भागत नाही, विमलाबाई. सोबत वर्णन लागतं, चित्र लागतं, आणि एक मूळ नमुना लागतो. उद्या कुणाला शंका आली तर त्यानं या पुठ्ठ्याशी येऊन ताडून बघायचं. वर्णन नाही, नमुना नाही, नुसतंच नाव, तर ते उघडं नाव. ते धरत नाहीत."

"आणि वर्णन असलं, पण नावच नसलं तर?"

"मग ते झाड अजून जन्मलंच नाही म्हणायचं," सर हसून म्हणाले.

मी दोरा दातानं तोडला.

बावन्न सालच्या श्रावणात आकाराम चंदगडहून झाडं घेऊन आला. सरांसाठी तो तिकडच्या कातळाच्या सड्यांवर हिंडायचा. त्या खेपेला त्याची आई बनाबाईही एस.टी.तून आली होती, अंबाबाईच्या दर्शनाला. ती व्हरांड्यात पानाची चंची सोडून बसली. आकारामनं वर्तमानपत्राची घडी उघडली. आत वीतभर उंचीची पाच-सहा झाडं होती. तीन पाकळ्यांचं फूल, सायीच्या रंगाचं, कडेला जरा गुलाबी. सरांनी कधी न पाहिलेलं.

मी चिठ्ठी भरायला घेतली. "गावाकडचं नाव काय याचं?"

"न्हाय त्येला नाव."

"असं कसं? कुसळालाही नाव असतं."

"ह्येला न्हाय. आईला इचारा की."

बनाबाईनं चुना मळता मळता मान वर केली. "ठिवत न्हाय आमी."

"का हो?"

"नाव ठिवलं की घराकडं येतंय."

सर हसले. "बी चिकटत असेल पायाला."

"आसंल. येऊ द्या की, खाईत न्हाय कुनाला. पर आल्यावर त्या नावानं हाक मारायची न्हाय. हाक मारली की ओ देतंय." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, लेकरंबाळं?"

"नाहीत."

ती चंचीची दोरी गुंडाळायला लागली.

त्यातलं सगळ्यात धड झाड मी पुठ्ठ्यावर शिवलं. सात टाके पडले. चौथ्याला दोरा अडकला आणि टाका तिरका बसला. उसवून पुन्हा घातला असता, पण देठ मोडायची भीती वाटली. बाकीची फुलं सरांनी बाटलीत, स्पिरिटमध्ये ठेवली. मग भिंग लावून, बारीक टाकानं मी चित्र काढलं.

"ही खाच कुठून आणली?" सरांनी विचारलं.

डाव्या पाकळीच्या कडेला मी खाच काढली होती. तांदळाचा दाणा बसेल एवढी.

बाटलीतली चौदाच्या चौदा फुलं आम्ही भिंगाखाली बघितली. एकाही पाकळीला खाच नव्हती. मी ओशाळले आणि दुसरं चित्र काढलं. खाच आली. तिसरं काढलं, त्यातही आली. काढताना कळायचं नाही, शाई वाळल्यावर दिसायची.

"हात दुखतोय का?" सर म्हणाले, आणि पात्यानं त्यांनी स्वतः तिसऱ्या चित्रातली खाच खरवडून काढली.

थंडीत त्या नव्या झाडावरचा निबंध लिहून झाला. सर म्हणाले, "चित्र तुमचं आहे. नाव तुम्ही सुचवा. तुमचंच देऊ या का?"

विमला हे माझं सासरचं नाव. लग्नात तांदळात कोरून दिलेलं. माहेरचं घेणारं कुणी उरलं नव्हतं. ही दोन्ही बाजूला सारून तिसरंच माझ्या तोंडातून गेलं.

"मीनाक्षी."

"कोण मीनाक्षी?"

"कुणी नाही. बरं वाटतं."

चौतीस साली मला मुलगी झाली होती, माहेरी, पन्हाळ्याला. तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडं असं बघितलं की मी मनात नाव ठरवून टाकलं. अकराव्या दिवशी ती गेली. पाळणा बाराव्या दिवसासाठी धुऊन ठेवलेला होता. बारशाआधी गेलेल्याला नाव नाही, म्हणून श्राद्धही नाही. हे तेव्हा जयसिंगपूरला नोकरीला होते. पोचले तोवर पुरून झालं होतं. त्यांनी मुलीला बघितलंच नाही. आई म्हणाली, विषय काढू नकोस, पुढचं होईल. पुढचं झालं नाही. ते नाव मी कुणालाही सांगितलं नाही, ह्यांनासुद्धा. आणि ह्यांना हेही सांगितलं नाही, की तिच्या डाव्या कानाच्या पाळीला खाच होती. तांदळाचा दाणा बसेल एवढी.

सरांनी नाव लॅटिनच्या घडीला बसवून कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा सर बाटली उजेडाला धरून उभे होते.

"विमलाबाई, जरा बघा."

चौदा फुलं. चौदाही डाव्या पाकळ्यांना खाच.

"काल नव्हती," सर म्हणाले. मग बाटलीकडं न बघता म्हणाले, "तुमचं पहिलंच चित्र पाठवू. आणि हे कुठं बोलू नका."

पुढच्या श्रावणात छापील निबंध आला. पातळसं पुस्तक, वरच्या ओळीत नाव, आत माझं चित्र. ताडून बघावं म्हणून मी कपाटातून मूळ नमुना काढला.

पुठ्ठ्यावर झाड नव्हतं.

त्याचा तपकिरी डाग होता. चिठ्ठी होती. आणि सात टाके होते, जिथल्या तिथं, गाठी धरून. एकही तुटलेला नाही, सैल नाही. चौथा तिरका.

"कीड," सर म्हणाले.

"कीड लागू नये म्हणून रसकापराचं पाणी मीच लावलं होतं, सर."

त्यांनी पुठ्ठा आत ठेवला, कुलूप घातलं, आणि किल्ली खिशात टाकली.

पुस्तक घेऊन घरी आले तेव्हा चार वाजले असतील. ऊन पडलं होतं. परसात धुण्याच्या दगडाशेजारी एक झाड उभं होतं. वीतभर. सायीच्या रंगाचं एक फूल, डाव्या पाकळीला खाच.

मी खाली बसले. देठावर वळ होते. दोरा करकचून बांधून सोडावा तसे. बोटानं मोजले. सात.

चौथा तिरका होता.

नाव जिभेवर आलंच होतं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. तिनं ओ दिली तर, ही भीती. नाही दिली तर, ही त्याहून मोठी. मी उठले, पाय धुतले, चूल पेटवली.

हे आले. पाटावर ते पुस्तक पडलं होतं, ते त्यांनी उचललं. छापलेलं काही हातात आलं की मोठ्यानं वाचायचं, ही त्यांची जुनी सवय. स्वतःचा आवाज कळत नसल्यानं ते सगळ्या आळीला ऐकू जायचं.

"अहो, वाचू नका!"

त्यांना कुठलं ऐकू जायला. माझे दोन्ही हात पिठाचे. मी उठेपर्यंत त्यांनी वरच्या ओळीतली इंग्रजी अक्षरं जुळवली होती.

"मी-ना-क्षी."

मी तिथंच थांबले.

ह्यांची मान वळली. परसाच्या दाराकडं.

"कोण गं?"

मी कान देऊन ऐकत होते. तव्यावर भाकरी फुगल्याचा आवाज तेवढा आला.

"ओ दिली की कुणीतरी," ते म्हणाले आणि पुस्तक ठेवून बाहेर गेले. भाकरी करपली. आत आले तेव्हा त्यांचे पाय मातीनं भरले होते आणि चेहरा मी कधी न बघितलेला होता.

"तिच्या डाव्या कानाला काय झालंय गं?"

याला आता चार वर्षं झाली. मी रोज परसात जाते. दगडापाशी बसते, हळू आवाजात नाव घेते, मोठ्यानंही घेऊन बघितलं. माझे कान शाबूत आहेत. पानं हलतात तेवढीच ऐकू येतात.

हे संध्याकाळी छापखान्यातून येतात, चहाही न घेता मागं जातात. मान तिरकी करून उभे राहतात. मधेच हसतात, मधेच "असं होय" म्हणतात.

"काय म्हणते ती?" मी दारातून विचारते. रोज विचारते.

माझं त्यांना ऐकू येत नाही.