ताईच्या गळ्यातली थरथर

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाहीये. मीच अजून घाबरलेली आहे.

माझा पगार गळ्याच्या संशोधनातून येतो. भुताखेतांच्या गोष्टींवर सगळ्यात आधी मीच हसायचे. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गेल्या हिवाळ्यात, जॉन्जू शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, भर दुपारी.

माझी मोठी बहीण म्योंग-ओक पान्सोरी गाते. शेजारी एक ढोलवाला, आणि एकटीने उभं राहून तासन्‌तास कथा गायची. ओरडून, रडून, गळा फाडून. शेवटी ताईच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. ऑपरेशन मी काम करते त्याच हॉस्पिटलात, आमच्याच विभागात झालं.

त्यानंतर एकच पथ्य होतं. मौन.

आठवडाभर कुजबुजसुद्धा नाही. ओल्या जखमेत तंतू हलले तर कायमचा व्रण राहतो. गाणाऱ्या बाईचा आवाज संपलाच मग. आणि ताईला दुसरं काहीच येत नाही. ना नोकरी केली, ना लग्न. तिच्याकडे फक्त तो आवाज आहे.

म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. गळ्याखाली आमचं यंत्र चिकटवलं. शर्टाच्या बटणाएवढं असतं. ते आवाज ऐकत नाही, फक्त गळ्याची थरथर मोजतं. पेशंट खरंच गप्प बसतात का, हेच तर आमचं संशोधन.

पहिल्याच संध्याकाळी मोबाईलवर आलेख उघडला आणि माझं डोकं फिरलं. दुपारभर गळा चालू होता.

"ताई, कुणाशी बोललीस गं?"

तिने पाटीवर लिहिलं, "वेडी आहेस का?"

"मग रडलीस? झोपेत बडबडलीस?"

तिने पाटी माझ्या अंगावर फेकली.

ताईचं ऑपरेशन करणारे आमचे डॉ. प्यो फोनवर हसले. "पेशंट खोटं बोलतात, सोन-जू. त्यातून घरचा पेशंट असला की विचारूच नकोस." मग त्यांचा आवाज बदलला. "पण तिला नीट सांग. असंच चाललं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

मी यंत्र बदललं. नवीन आधी स्वतःच्या गळ्याला लावून बघितलं. रेघ सपाट. मग ताईला लावलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

माझी मुलगी युनसुल शाळेत गेली होती, नवरा कामावर. ताईने तांदळाची पेज खाल्ली आणि खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर गादी टाकून झोपली. बाहेर बर्फ पडत होता. रस्त्याचासुद्धा आवाज येत नव्हता.

तिला गाढ झोप लागली. तोंड मिटलेलं, श्वास संथ.

आणि आलेखाची रेघ... हलली.

मी तिच्या ओठांजवळ कान नेला.

काहीच नाही. नुसता श्वास.

मग मी तिच्या गळ्यावर दोन बोटं ठेवली...

आत थरथर होत होती.

घोरण्याची नव्हे. रोज लोकांचे गळे हाताळते मी, ती मला कळते. ही लयीत होती. लांब ओढ... मग थांबणं. ढोलाची थाप जिथे पडते, तिथे बरोबर थांबणं. आणि उंच सुरावर जाण्याआधी दोनदा छोटासा झटका.

तसा झटका एकच बाई द्यायची.

ताईच्या गुरुबाई. कुम-रे बाई.

आणि गुरुबाई तर त्या शरदातच वारल्या होत्या. गळ्याच्या कॅन्सरने. स्वरयंत्रच काढावं लागलं होतं, शेवटची वर्षं मुक्याने गेली. ताईला एक कथा शिकवायची राहिली, ती राहिलीच. हॉस्पिटलात मी समोर दिसले की त्या नुसत्या माझ्या बोलणाऱ्या तोंडाकडे बघत राहायच्या. मला कसंतरीच व्हायचं.

आता ती बाई माझ्या बहिणीच्या ओल्या जखमेवर गात होती.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त राग आला.

"पुरे करा, बाई," मी म्हणाले. "तिचं वाटोळं करणार आहात का? एवढंच गायचं असेल तर माझा गळा घ्या. ती बरी होईपर्यंत घ्या. पण तिला सोडा."

थरथर थांबली.

एकदम.

ताईने डोळे उघडले. पाटी ओढून लिहिलं, "कुणाशी बोलत होतीस?"

"कुणाशी नाही. झोप तू."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग सावकाश लिहिलं...

"मग 'चालेल' कोण म्हणालं?"

त्यानंतर ताईचा आलेख एकदाही हलला नाही. मौन संपलं. डॉ. प्योंनी दुर्बीण घातली आणि ताई 'आ' म्हणाली. इतका स्वच्छ आवाज आला की मी तिथेच रडले. वसंतात ती पुन्हा मंचावर उभी राहिली.

ताई बरी झाली.

गुरुबाई मात्र गेल्या नाहीत.

आधी माझा घसा बसायला लागला. मग नवरा म्हणाला, "झोपेत तुझा गळा मांजरासारखा गुरगुरतो गं." शेवटी मीच पेशंटच्या खुर्चीत बसले. डॉ. प्योंनी आत पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"सोन-जू, तू कधीपासून गातेस?"

"मी? लहानपणी गुरुबाईंनी पहिल्याच दिवशी हाकललं होतं मला. बेडकाचा गळा म्हणाल्या."

ते हसले नाहीत. "दोन्ही बाजूंना गाठी आहेत. जन्मभर गाणाऱ्यांना येतात तशा. ऑपरेशन करून घे, नाहीतर साधं बोलणंही जाईल."

ताई रोज फोन करते. "घाबरतेस काय? मी नाही का केलं?"

मी ऑपरेशनला घाबरत नाही. मला त्यानंतरच्या मौनाची भीती वाटते.

तेव्हा मी नुसती पडलेली असेन आणि युनसुल शेजारी बसेल. ती हट्टाने बसेल, मी तिला ओळखते. कधीतरी माझ्या गळ्यावर हात ठेवेल. तिला ती थरथर लागेल... आणि मी जे बोलले, तेच ती बोलेल.

मला तोंड उघडून तिला अडवता येणार नाही.

आधीच सांगून ठेवावं म्हणता? सांगायला गेले, तर ती आजच बोलून मोकळी होईल.

हॉस्पिटलने पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.