कसाऱ्याचा घाट, दोनदा

कल्याणच्या खाडीवरचा वारा तसा सगळ्यांनाच छळतो, पण सायकलवाल्यांशी त्याचं काहीतरी जुनं वैर असावं. दुर्गाडीच्या पुलावर तो असा छातीवर येतो की चांगले धट्टेकट्टे गडी निमूट खाली उतरतात आणि सायकल हातात धरून चालू लागतात. नीला फडके उतरत नसे. खाडीपलीकडे कोनच्या शाळेत ती शिकवायला होती. रोज सकाळी आईची जुनी नऊवारी घट्ट कासोटा मारून नेसायची, पिशवी मागे बांधायची आणि वाऱ्यात डोकं खुपसून पूल पार करायची. फडक्यांची पोरगी गर्विष्ठ आहे असं पारनाक्यावरचे लोक म्हणत. लोक नेहमीच खोटं बोलतात असं नाही.

त्रेपन्न सालच्या जानेवारीतली गोष्ट. पुलाच्या मध्यावर नीलाला अगदी पाठीशी साखळीची करकर ऐकू आली. तिने वेग वाढवला, करकरीनेही वाढवला. ती हळू झाली, करकरही हळू झाली. मग नीलाने सरळ दोन्ही ब्रेक दाबले.

धाडकन आवाज झाला. मागची सायकल तिच्या मडगार्डवर आदळली आणि एक उंच, सावळा तरुण कठडा धरून कसाबसा उभा राहिला.

"बाईमाणसाच्या पाठीमागे लागायला लाज नाही वाटत?" नीलाने विचारलं.

"वाटते ना," तो कोपर चोळत म्हणाला. "पण वारा फार होता."

"वाऱ्याचा काय संबंध?"

"म्हणजे... पुढे कुणी असलं की मागच्याला वारा लागत नाही. आमच्या सायकल मंडळात सगळे तसंच चालवतात. एक जण पुढे, बाकीचे त्याच्या आडोशाला. आज एकटाच होतो, म्हणून... मी तुमच्या आडोशाला होतो."

नीला त्याच्याकडे बघतच राहिली. सहा फुटांचा हा माणूस तिच्यासारख्या काटकुळीच्या आडोशाला लपून पूल ओलांडत होता, आणि वर ते कबूलही करत होता. राग आणायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही येईना.

"आणि आभार न मानता निघून जाणार होतात?"

"पूल संपल्यावर मानणार होतो," तो म्हणाला. "तुम्हीच मध्ये थांबलात."

हा हरिहर जोगळेकर. ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसात इंजिनियर होता, दुपारच्या पाळीला जायचा आणि सकाळी पडघ्यापर्यंत सायकल मारून यायचा. दुसऱ्या दिवशी तो पुलाच्या तोंडाशी उभा होता. "कालची परतफेड," म्हणाला. "आज मी पुढे."

मग ते रोजचंच झालं. एक दिवस तो पुढे, एक दिवस ती. खाडीवर धुकं असायचं, ओल्या चिखलाचा आणि मिठाचा वास यायचा, आणि बोलायचं ते पुढच्याच्या पाठीशी. त्यामुळे हरिहरचा चेहरा नीलाला जेमतेम पाठ झाला होता, पण त्याची पाठ मात्र तिने दहा हजारांत ओळखली असती. तो हसला की आधी त्याचे खांदे हलत. ते हलावेत म्हणून आपण वाटेल ते बोलायला लागलो आहोत, हे तिच्या लक्षात आलं... आणि ती दोन दिवस मुद्दाम गप्प राहिली.

"बाई रागावल्यात?" तिसऱ्या दिवशी पाठीने विचारलं.

"नाही. वाऱ्याने ऐकू येत नाही."

"मग आज वारा कुठे आहे?"

वारा नव्हता खरा. नीला कानापर्यंत लाल झाली. बरं तर बरं, तो पुढे होता.

मंडळाची गोष्ट तिला या पाठीकडूनच कळली. दरवर्षी माघात, द्राक्षं तयार झाली की कल्याणचे हे सायकलवीर आग्रा रोडने नाशिकला जात. वाटेत शहापूर, माहुलीचा किल्ला, भातसा नदीचं खोरं. रात्री कसाऱ्याच्या धर्मशाळेत मुक्काम आणि सकाळी घाट. ज्याने घाटात पाय टेकला नाही आणि ज्याच्या पाठीला दुसऱ्याचा हात लागला नाही, त्याला वर घाटनदेवीच्या देवळाशी पितळेचा बिल्ला मिळायचा. बिल्लेवाला तो मंडळाचा सभासद. बायकांना आजवर कुणी बिल्ला दिला नव्हता, कारण कुणी मागितलाच नव्हता.

नीलाने मागितला. मंडळाचे प्रमुख महिपतराव मिशीवर हात ठेवून खूप वेळ विचार करत बसले. भला माणूस, पण भित्रा.

"तुमच्या मागे आणखी किती जणी आहेत?" त्यांनी विचारलं.

"आठ. मैदानात मीच शिकवलंय त्यांना."

"मग असं करू. यंदा तुम्ही चढून दाखवा. नियमाने चढलात तर पुढच्या साली आठीजणींची नावं घेतो. नाहीतर मात्र हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

नीलाच्या अण्णांनी हे ऐकून चष्मा पुसला. "हो म्हणून आलीस ना? मग आता उतरू नकोस," एवढंच म्हणाले. आईने दशम्या बांधून दिल्या.

निघायच्या दिवशी पारनाक्याच्या कोपऱ्यावर त्या आठीजणी पहाटेच्या थंडीत शाली गुंडाळून उभ्या होत्या. सगळ्यांत धाकट्या शेवंतीने तिच्या टायरमधली हवा अंगठ्याने दाबून पाहिली आणि मान हलवली.

घाट काय असतो ते नीलाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पुलावरचा वारा निदान थांबून थांबून मारतो. घाट थांबतच नाही. वळण संपलं की पुढे वळण. बाजूच्या डोंगरातून रेल्वेगाडी चढत होती, तिला मागूनसुद्धा एक इंजिन लावलेलं होतं. नीलाच्या मांड्या पेटल्या, तोंडाला कोरड पडली. बाकीचे केव्हाच पुढे गेले होते. हरिहर तेवढा मागे, तिच्या चालीने चालवत होता.

शेवटच्या वळणावर तिचं पुढचं चाक हललं. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सायकल जवळजवळ उभीच राहिली... आणि पाठीवर हात पडला. मोठा, उबदार, अलगद हात. एकच रेटा, आणि सायकल वळण ओलांडून वर आली.

हात लगेच निघालाही. मागे वळून न बघता नीलाला कळलं की हरिहरच्या तोंडचं पाणी पळालंय. काही म्हणायला श्वासच नव्हता.

घाटनदेवीशी टाळ्या पडल्या. महिपतरावांनी खिशातून बिल्ला काढला.

"शाब्बास! पोरींनो, म्हणजे... पोरी, शाब्बास."

"थांबा," नीला म्हणाली. "मला हात लागला."

हरिहर पुढे आला. "माझी चूक. त्या पडतील असं वाटलं आणि माझा हात गेला. त्यांनी मागितला नव्हता."

महिपतराव इकडेतिकडे बघू लागले. "अहो, वळणाआड कुणी बघितलं? एवढासा हात. घ्या बिल्ला."

"मी होते ना तिथे," नीला म्हणाली. "हा बिल्ला घेतला तर त्या आठ मुलींना उद्या काय सांगू? वळणाआड बघून घ्या म्हणून?" तिने देवळाच्या टाकीवर पोटभर पाणी पिऊन घेतलं, कासोटा पुन्हा आवळला आणि सायकल फिरवली. "जेवून घ्या तुम्ही. मी खाली जाऊन येते."

"अहो, पुन्हा? आजच?" महिपतराव म्हणाले.

"आजच. उद्या पाय दुखतील."

ती उताराला लागली. पहिल्या वळणावर ओळखीची करकर मागे आलीच.

"तुमचा घाट झालाय, जोगळेकर," ती न वळता म्हणाली. "तुम्ही कशाला येताय?"

"घाट माझ्यामुळे वाया गेला. एकटीला कसं पाठवू?"

"मला राग आलाय."

"यायलाच हवा." मग थोड्या वेळाने, चाचरत, "गाडीलासुद्धा मागून इंजिन लावतात हो..."

"गाडीला बिल्ला देत नाहीत."

नीलाने ओठ दाबले. हसू येत होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं नव्हतं.

कसाऱ्याच्या पायथ्याशी दोघांनी दशम्या खाल्ल्या. उन्हं चढली होती. निघताना तिने बजावलं, "मागे राहा. दोन हात अंतर ठेवून. मी पडले तर?"

"तर... बघत राहीन," हरिहर म्हणाला. ते म्हणताना त्याला किती जड गेलं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि नीलाचा राग तिथेच, पायथ्याशीच, संपला. पण हे तिने सांगितलं नाही. घाट अजून व्हायचा होता.

दुसऱ्या खेपेला घाट उंच झाला नव्हता, तरी नीलाला तो दुप्पट वाटला. फक्त एक पाय, मग दुसरा पाय. शेवटच्या वळणावर चाक पुन्हा हललं. सायकल पार रस्त्याकडेच्या खडीपर्यंत गेली. मागून एक श्वास जोरात आत ओढलेला तिला ऐकू आला... पण हात आला नाही. नीलाने दात आवळले, अख्खं अंग पायडलवर घातलं आणि चाक सरळ केलं. वळण मागे पडलं. त्या क्षणी तिला जे वाटलं ते आयुष्यात पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आपलं अंग, आपले पाय, आपला घाट, सगळं आपलं.

देवळाच्या सावलीत पेंगलेली मंडळी धडपडत उठली. महिपतरावांनी टोपी काढली, मग बायकांसमोर टोपी काढत नाहीत हे आठवून पुन्हा घातली. या खेपेला त्यांनी बिल्ला तिच्या हातावर नीट दोन्ही हातांनी ठेवला.

"पुढच्या साली आठ ना?" त्यांनी विचारलं.

"आठ आणि मी," नीला म्हणाली.

इगतपुरीपुढे रस्ता उतरत गेला. दारणा नदी ओलांडली आणि दुपार कलता कलता नाशिकच्या अलीकडचे द्राक्षमळे लागले. पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेल्या वेली, त्यांच्याखाली हिरवा अंधार आणि पाटाच्या पाण्याचा गारवा. मंडळी घोस विकत घेऊन बांधावर पसरली. नीला एका वेलीखाली पाटात पाय सोडून बसली होती. हरिहर घोस घेऊन आला आणि थोडा दूर बसला. बरोबर दोन हातांवर.

"मघाशी वळणावर," तो म्हणाला, "माझा जीव गेला होता."

"ऐकला मी जाताना."

"सकाळी हात गेला तो नियम विसरलो म्हणून नाही... तुम्हाला पडताना बघवलं नसतं, म्हणून."

"माझं पडणंसुद्धा माझंच असतं, जोगळेकर."

"कळलं ते. उशिरा कळलं, पण पक्कं कळलं." तो घोसातलं एकेक द्राक्ष नुसतं फिरवत होता. "हे मला... जन्मभर लक्षात ठेवायला आवडेल. तुमच्याजवळ राहून."

पाटाचं पाणी वाहत राहिलं. नीलाने एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं आणि सावकाश खाल्लं.

"हे मागणी घालणं समजायचं का?"

"समजा."

"समजा काय? घाट चढून आलेल्या बाईला असं द्राक्षाआडून विचारतात?"

हरिहर उठून उभा राहिला. अंगावरची माती झटकली. बांधावरच्या मंडळींनी माना वळवल्या, तरी तो थांबला नाही.

"नीला, माझ्याशी लग्न करशील?"

"करीन," ती म्हणाली. मग उगाचच पुन्हा म्हणाली, "करीन. अण्णांना मीच सांगेन. तू फक्त ये."

निघाले तेव्हा उन्हं पिवळी झाली होती. रस्ता सपाट होता. दोघं शेजारी शेजारी चालवत होते. आज पहिल्यांदाच कुणी पुढे नव्हतं, कुणी मागे नव्हतं. नीलाने डावा हात हँडलवरून काढला आणि बाजूला धरला.

"हे चालतं?" हरिहरने विचारलं.

"घाट संपलाय," ती म्हणाली.

त्याने हात धरला. सायकली जरा डगमगल्या, मग सावरल्या. गोदावरीच्या काठची देवळं दिसू लागली, मग घरं लागली, दुकानं लागली. ओट्यावरच्या बाया उठून उभ्या राहिल्या. एका दुकानदाराचा तराजू हातातच राहिला.

"नीला," हरिहर हळूच हात सोडवत म्हणाला, "लोक बघतायत."

"बघू देत," नीला म्हणाली आणि हात आणखी घट्ट धरला. "दोनदा घाट चढून आलेय मी. आज कुणी बघितलं नाही, तर मला वाईट वाटेल."