चौथीच का दमते?

गाडीत चार बॅटऱ्या होत्या. चारही एकाच कारखान्याच्या, एकाच दिवशी आणलेल्या, आणि तरी मान टाकायची ती चौथीच. गाडी चालवणाऱ्या नाथाकाकांनी ती बदलून नवीकोरी आणली, तर थोड्याच दिवसांत तीही मलूल. मग त्यांनी पहिली धडधाकट बॅटरी काढून चौथीच्या जागी ठेवली आणि चौथीला पहिलीच्या जागी बसवलं. झालं, आता ती धडधाकट दमायला लागली. नाथाकाका बसतात ती जागा नेमकी चौथीच्या वर होती, त्यामुळे गावात लोक कशाला दोष देत होते ते सांगायला नको. काकांनी दोन दिवस भात कमी खाऊन पाहिला. बॅटरीला त्याचं काही वाटलं नाही.

ही गाडी म्हणजे तेरवळची गोल्फगाडी. गोल्फ कसा खेळतात ते तेरवळात कोणालाच ठाऊक नव्हतं. पाण्याची टंचाई वाढली तसं डोंगरापलीकडचं हिरवळीचं मोठं मैदान बंद पडलं आणि तिथल्या विजेवर चालणाऱ्या गाड्या आसपासच्या गावांना मिळाल्या. तेरवळच्या गाडीला कासवांचं काम मिळालं. फाल्गुनातच वाळू इतकी तापायची, की कासविणीने पुरलेली अंडी तिथेच राहिली तर वाया जात. म्हणून पहाटे अंडी उचलून गावातल्या सावलीच्या हॅचरीत (अंडी उबवण्याच्या जागेत) आणून पुन्हा वाळूत पुरायची. तीही लवकर, कारण घातल्यानंतर फार तास गेले आणि मग हलवली, तर आतला जीव दगावतो.

गेल्याच पंधरवड्यात गाडी घाटीवर, म्हणजे किनाऱ्यावरून गावाकडे येणाऱ्या चढावर, अंड्यांसकट बंद पडली होती. पेटी डोक्यावर घेऊन काका पोचले तोवर ऊन चढलं होतं. त्या घरट्यातून काही निघेल अशी आशा आता कोणाला नव्हती. ती अंडी पुरली होती त्या हॅचरीतल्या कोपऱ्याकडे काका बघतही नसत. त्यांची पुतणी मुक्ता, वय अकरा, हे सगळं बघत होती आणि तिला फार वाईट वाटत होतं.

त्या दिवशी सकाळी कुर्ली बातमी घेऊन आली. कुर्ली हा सहा पायांचा यंत्रमानव. वाळूवर तिरका चालतो म्हणून गावाने त्याचं नाव कुर्ली, म्हणजे खेकडीण, ठेवलं आणि मग सगळे त्याला 'ती' म्हणू लागले. कासवांचे माग शोधणं हे तिचं काम. तिने सांगितलं, की आडवणच्या किनाऱ्यावर एक कासवीण वर आली, वाळू उकरली, आणि अंडी न घालताच परत गेली. अशी कासवीण बहुधा दुसऱ्या रात्री पुन्हा येते. म्हणजे उद्या पहाटे गाडी आडवणला हवी, आणि येताना घाटी चढायला हवी.

काका गाडीपाशी गेले आणि आसन उचलून बॅटऱ्यांकडे बघत राहिले.

मुक्ताने कुर्लीला सगळं कोडं सांगितलं. बॅटरी बदलली तरी तेच, जागा बदलली तरी तेच. कुर्लीने डोळ्यांचे दिवे बारीक केले. "मग दोष बॅटरीचा नाही, जागेचा आहे," ती म्हणाली. "त्या जागेवर असं काय आहे जे इतर तिघींच्या जागेवर नाही?"

मुक्ता वाकली. चौथ्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना जास्तीच्या दोन वायर होत्या. त्या मागे अंड्यांच्या पेटीकडे जात होत्या. पेटीतला थंड हवेचा पंखा त्यांच्यावर चालायचा आणि गाडीचा पुढचा दिवाही.

काकांनी ते स्वतःच जोडलं होतं. पेटीला बारा व्होल्ट लागतात. (व्होल्ट म्हणजे विजेचा दाब मोजायचं माप.) चारही बॅटऱ्या एकीला एक अशा साखळीत जोडलेल्या, प्रत्येकीचे बारा, मिळून अठ्ठेचाळीस. पेटीला अठ्ठेचाळीस दिले तर ती जळून जाईल. म्हणून काकांनी जवळच्या एकीचेच बारा घेतले.

"बारा होये होते, बाराच घेतलंय," काका म्हणाले. "ह्यात माजा काय चुकला?"

कुर्लीने त्यांना शिमग्याच्या पालखीची आठवण करून दिली. पालखी चौघांच्या खांद्यावर असते. चौघं एकाच चालीने चालतात, कारण पालखी एकच आहे. आता त्यातल्या एकाच्याच हातात नारळांनी भरलेली पिशवी दिली तर? चालावं तर सगळ्यांइतकंच लागतं, पण दमतो तो आधी. आणि तो एक खाली बसला, की पालखी थांबते, बाकीचे तिघं कितीही ताजे असले तरी.

काकांनी यंदा पालखीला खांदा दिला होता. त्यांनी मान हलवली.

आणखी एक गोष्ट कुर्लीने सांगितली. रात्री चार्जर (वीज भरणारं यंत्र) चौघींना मिळून वीज भरतो. एकूण भरली असं वाटलं, की तो थांबतो. जी जास्त रिकामी होती ती अर्धपोटीच राहते. असं रोज होत गेलं तर नवी बॅटरीसुद्धा खंगते.

उपाय एकच होता. भार चौघींकडून सारखा घ्यायचा, म्हणजे पूर्ण अठ्ठेचाळीस घ्यायचे आणि वाटेत त्याचे बारा करायचे. ते काम करणाऱ्या डबीला व्होल्टेज रिड्यूसर (विजेचा दाब उतरवणारं साधन) म्हणतात.

अठ्ठेचाळीसचे बारा होतात तरी कसे, हे मुक्ताला कळेना. कुर्लीने तिला माडाच्या बागेतली टाकी आठवायला सांगितली. नळ पूर्ण सोडला तर माडाचं आळं फुटून वाहतं. पण नळ क्षणभर उघडला आणि त्याच्या तिप्पट वेळ बंद ठेवला, असं करत राहिलं, तर आळ्यात पाणी बेताचंच येतं. डबीतही अशी एक कळ असते. ती दर सेकंदाला हजारो वेळा उघडते आणि मिटते. पाव वेळ उघडी, पाऊण वेळ बंद. अठ्ठेचाळीसचा पाव भाग बारा.

मग पंखा आचके देत चालेल, अशी शंका मुक्ताने काढली. कुर्लीला ही शंका फार आवडली. त्यासाठीच आत तारेचं वेटोळं आणि वीज थोडी साठवून ठेवणारा एक भाग असतो, ती म्हणाली. पाणी थांबून थांबून आलं तरी आळ्यातली ओल एकसारखी राहते, तसंच ते.

सगळं पटलं, पण डबी कुठून आणायची? शहरातून यायला आठवडे लागले असते. काकांनी आसन खाली केलं.

"माझ्यात एक आहे," कुर्ली म्हणाली. "माझे पाय अठ्ठेचाळीसवर चालतात. दिवे आणि आवाज बारावर. ती डबी काढा. पाय चालतील, पण नवी येईपर्यंत मी बोलणार नाही."

मुक्ता म्हणाली, मग जोडायचं कसं ते आम्हाला कोण सांगणार? कुर्लीने तिला पायऱ्या समजावल्या, एकदा, मग तिच्या तोंडून दोनदा वदवून घेतल्या. मग तिने छातीचं झाकण उघडलं. काकांनी हळूच डबी काढली आणि कुर्लीचे डोळे विझले. पाय तेवढे हलत होते.

आता सांगायचं मुक्तानेच. आधी गाडीची चावी बंद. मग काकांच्या हातातलं चांदीचं कडं काढायला लावलं, कारण धातू दोन टोकांना एकदम टेकला तर मोठी ठिणगी उडते. मुख्य काळी वायर सोडली. जुन्या दोन वायर काढून टाकल्या. डबी गाडीच्या लोखंडी पट्टीवर बसवली, म्हणजे तिची उष्णता पट्टीत जाईल. डबीची काळी वायर चौथीच्या शेवटच्या टोकाला लागली. लाल वायर पहिलीच्या सुरुवातीच्या टोकाला न्यायची, वाटेत फ्यूज (जास्त वीज आली तर वितळून वाट तोडणारी तार) घालून. तिथे घोडं अडलं. लाल वायर आखूड होती.

"वायर पुरना नाय," काका म्हणाले. "हयच चौथीक जोडूया."

"नको काका, परत तसाच होतला," मुक्ता म्हणाली. "चौघींनी मिळान भार उचलूक होयो."

काकांनी हातातल्या टोकाकडे बघितलं आणि ते हसले. मघाशी काढलेल्या जुन्या वायरचा तुकडा जोडून त्यांनी ती वाढवली आणि जोडावर नीट वेष्टण चढवलं. मुख्य वायर परत लागल्यावर मुक्ताने डबीच्या दुसऱ्या बाजूला मीटर लावला. बारा आणि वर थोडं. मगच पेटी आणि दिवा जोडला. पंखा गुणगुणू लागला. दमलेल्या चौथीला दुपारभर हॅचरीतल्या छोट्या चार्जरवर वेगळं भरून घेतलं आणि रात्री चौघींना एकत्र.

पहाटे आडवणला कासवीण येऊन गेली होती. काकांनी अंडी ज्या बाजूने होती त्याच बाजूने पेटीत ठेवली. परतताना मुक्ता काकांशेजारी आणि कुर्ली मागे बसली होती. घाटी आली तशी काकांनी स्टिअरिंगच्या चाकावरची मूठ आवळली. गाडी चढली, गेल्या वेळच्या वळणापाशी जराही न कुरकुरता, आणि पेटीतला पंखा सगळी वाट चालत राहिला. वर पोचल्यावर मुक्ताने आसन उचलून मीटरने चौघींचे व्होल्ट मोजले. चारही जवळजवळ सारखे होते. काकांनी टोपी काढून कपाळ पुसलं, आणि हॅचरीत गेल्यावर ते थेट त्या कोपऱ्यापाशी जाऊन उभे राहिले.

पुढे चैत्र सरता सरता शहरातून नवी डबी आली. ती कुर्लीच्या छातीत मुक्ताने बसवली, काका शेजारी उभे होते. त्याच सकाळी हॅचरीतल्या आडवणच्या घरट्यावरची वाळू खचली आणि पिल्लं एकामागून एक वर येऊ लागली. ती मोठी होऊन, मुक्ता मोठी झाल्यावर, याच किनाऱ्याकडे परत येणार होती. कुर्लीचे डोळे पेटले. इतक्या दिवसांनी आवाज फुटला तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "चौथी कशी आहे?"

"आता चौथी असं कोणी नाही गो," मुक्ता म्हणाली. "चौघी आहेत."

मग तिघं पिल्लांची टोपली घेऊन पाण्याकडे निघाली, कुर्ली तिरकी तिरकी, सगळ्यांत पुढे.