ठिकाण: विंचूर

ज्योत्स्ना साळवे ऑफिसात आली की आधी सर्व्हर रूमचं दार उघडून पंख्यांची घरघर ऐकायची आणि मगच चहा घ्यायची. कंपनी कांदा वाळवून परदेशी पाठवणारी. ऑफिस अंबडला, कारखाना विंचूरला. दोन्हीकडचा डेटा डिस्कांनी भरलेल्या लोखंडी कपाटांत साठवलेला असे. त्याला सगळे स्टोरेज म्हणत आणि त्याच्या तब्येतीवर लक्ष ठेवणं हे ज्योत्स्नाचं काम.

तब्येत कळायची ती एसएनएमपीमुळे. ही यंत्रांची आपसातली बोली. तिच्यासमोरचा संगणक थोड्या थोड्या वेळाने प्रत्येक स्टोरेजला 'कसं काय?' असं विचारायचा आणि उत्तर यायचं: डिस्क ठीक, पंखा ठीक, तापमान इतकं. काही बिघडलं, तर ते न विचारताही कळवायचं. शिवाय प्रत्येकाच्या पोटात दोन ओळी लिहून ठेवलेल्या असत. जबाबदार कोण, आणि ठिकाण कुठलं.

ही सगळी मांडणी दिनेशने केली होती. दिनेश म्हणजे तिचा नवरा. याच ऑफिसात दोघांची ओळख झाली, इथेच त्यांनी लग्नाचे पेढे वाटले. दोन हजार पाचच्या दिवाळीआधी तो विंचूरच्या स्टोरेजचा बिघडलेला पंखा बदलायला मोटरसायकलवर गेला. पंखा बदलून निघाल्याचं त्याने फोनवर सांगितलं आणि मग तो आलाच नाही. गाडी चांदोरीच्या अलीकडे रस्त्याकडेला नीट स्टँडवर लावलेली सापडली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पोलिसांनी गोदावरीचा काठ पाहिला, विहिरी पाहिल्या. काही हाती लागलं नाही. त्या रस्त्यावरून असा नाहीसा झालेला तो पहिला नव्हता, एवढं हवालदार म्हणाला.

मेला म्हणावं, तर पुरावा नव्हता. आहे म्हणावं, तर आवाज नव्हता. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या घरात सासूबाई, वत्सलाबाई, रात्री एक भाकरी जास्तीची थापायच्या आणि सकाळी ती दोघी वाटून खायच्या.

पुढे विंचूरचा कारखाना बंद पडला. तिथलं स्टोरेज वायरी काढून गोदामात ठेवलं आणि कुलूप लावलं. पडद्यावरची त्याची ओळ लाल झाली. ती पुसून टाकायचं काम ज्योत्स्नाकडेच होतं. तिने ते केलं नाही. जबाबदार म्हणून तिथे दिनेशचं नाव होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी ती ओळ हिरवी झाली.

पंखा ठीक. डिस्क ठीक. तापमान सदतीस.

तिने रंगनाथ सरांना बोलावलं. ते तिचे साहेब, सरळ माणूस. ते पडद्याजवळ वाकले.

"जुनी नोंद कुठेतरी अडकली असेल," ते म्हणाले.

"सर, जुनी असती तर तापमान वेगळं असतं. आपल्याकडे हे कधी तिशीवर गेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं जीपने विंचूरला गेली. गोदामाला वीज नव्हती. कपाटावर धुळीचा जाड थर होता. एकही वायर नव्हती. पत्र्याखाली दारांच्या कड्यांना हात लावला तरी चटका बसत होता. ज्योत्स्नाने कपाटावर तळवा टेकवला. ते नुसतं कोमट होतं. दिनेश झोपलेला असताना त्याच्या कपाळावर हात ठेवला की लागायचं, तेवढंच.

रंगनाथ सरांनीही हात लावला आणि पँटला पुसला.

परतताना ते म्हणाले, "मी उद्या काढून टाकतो ते यादीतून."

"राहू द्या, सर."

"ज्योत्स्ना, हे बरं नाही."

"माहिती आहे मला. तरी राहू द्या."

सरांनी जीपची काच वर केली.

ठिकाणाची ओळ इथून बदलता यायची. त्याचा पासवर्ड दिनेशनेच ठेवलेला, तिच्या माहेरच्या गावाचं नाव. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसलेले असताना, तिने विंचूर खोडलं आणि रोमन अक्षरांत लिहिलं: घरी ये.

तिला स्वतःचीच लाज वाटली. ती उठून डबा धुऊन आली.

ठिकाणासमोर निफाड आलं होतं, विंचूरहून नाशिककडे येताना वाटेत लागणारं.

ती खुर्चीत बसली. हात ओढणीत गुंडाळून घेतले. पंखा ठीक, तापमान सदतीस. बाहेर कुणीतरी चहाचं विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली.

चांदोरी.

तिथे मात्र ओळ हलेना. दुपार कलली. ऊन टेबलावरून खाली उतरलं. तिला वाटलं, एवढंच. मागेही तो इथपर्यंतच आला होता.

"चल ना," ती पुटपुटली. "थोडंच राहिलंय."

नाशिक रोड.

तिने घरी फोन लावला. वत्सलाबाईंनी लगेच उचलला.

"आई, कुणी आलंय का?"

"अगं, तेच. दार वाजतंय," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "दिनेशसारखं. बोटाच्या पेरानं. उघडू का?"

ज्योत्स्नाने पडद्याकडे पाहिलं. ठिकाणाची ओळ कोरी होती.

उघडू नका म्हणावं, असं तिला आतून फार वाटलं.

"उघडा," ती म्हणाली.

कडी सरकल्याचा आवाज आला.

मग वत्सलाबाईंचा आवाज, फोनपासून लांब, थोडा गोंधळलेला.

"ये, बाळा. पण बरोबर एवढी माणसं कुठून आणलीस?"